सहीने आलेले सहीने जाते

२६ नोव्हेंबर २०२५ रोजी संविधान दिनाच्या कार्यक्रमासाठी आम्ही मार्कंड्याला गेलो होतो. चामोर्शी तालुक्यातील हे गाव साऱ्या विदर्भाला ठाऊक आहे ते वैनगंगेच्या काठावरील कोरीव दगडी मंदिरांमुळे आणि महाशिवरात्रीच्या जत्रेमुळे. आमचा कार्यक्रम मात्र त्या परिसरातील एका वस्तीच्या बुद्ध विहारात होता. उद्देशिकेचे सामूहिक वाचन झाले, दोन भाषणे झाली, चहा आला आणि मग खरा कार्यक्रम सुरू झाला. म्हणजे लोक प्रश्न विचारू लागले.

कोरपन्याकडून पाहुणा म्हणून आलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारले, "वकीलसाहेब, तो अमेरिकेचा अध्यक्ष तिकडं सही करते, अन् आमच्या कापसाचा भाव इकडं काहून पडते?"

त्याच्या मागे बसलेला एक तरुण उठला. हा आमच्या ओळखीचा मुलगा. त्याच विहाराच्या अभ्यासिकेत शिकून तो इंजिनिअर झाला आणि २०२५ मध्ये त्याला अमेरिकेच्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. पण त्याच वर्षी २७ मे रोजी अमेरिकन सरकारने जगभर विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती थांबवल्या. महिनाभराने त्या पुन्हा सुरू झाल्या, पण विद्यार्थ्यांची सोशल मीडियावरील खाती तपासण्याच्या अटीसह. मुलाला वेळेत तारीख मिळाली नाही. विद्यापीठाचे सत्र सुरू झाले आणि हा मार्कंड्यातच राहिला. तो म्हणाला, "सर, तिथं ओबामा आठ वर्षं राष्ट्राध्यक्ष होते. एक काळा माणूस सर्वांत मोठ्या खुर्चीवर बसला. त्यानंतर हे असं कसं झालं? मग खुर्ची मिळवून फायदा काय?"

दोन्ही प्रश्नांना त्या दिवशी आम्ही जमेल तशी उत्तरे दिली. पण परतताना मनाला वाटत राहिले की ही उत्तरे नीट, सविस्तर द्यायला हवीत. हा प्रश्न एकट्या मार्कंड्याचा नाही. चळवळीतील प्रत्येक कार्यकर्त्याने तो स्वतःला विचारावा असा आहे.

अमेरिकेशी आमचे नाते

अमेरिकेच्या अध्यक्षांशी आपल्याला काय देणे-घेणे, असे काही मित्र म्हणतील. त्यांना आम्ही आठवण करून देतो की महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. बाबासाहेब १९१३ च्या जुलैत न्यूयॉर्कला पोहोचले. त्याच वर्षी मार्चमध्ये वूड्रो विल्सन राष्ट्राध्यक्ष झाले होते. जगाला लोकशाहीचे धडे देणाऱ्या ह्याच विल्सन यांच्या कारकिर्दीत केंद्र सरकारच्या पोस्ट आणि खजिना खात्यांमध्ये काळ्या कर्मचाऱ्यांना गोऱ्यांपासून वेगळे बसवायला सुरुवात झाली. म्हणजे कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांना समतेची मोकळी हवा मिळत होती, त्याच वेळी त्या देशाचा अध्यक्ष सरकारी कचेऱ्यांत विटाळाची रेषा आखू देत होता. पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी काळ्यांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले आणि निग्रो जनतेने संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडलेल्या निवेदनाची प्रत मागितली. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नाव घेतले ते अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून. अमेरिकेत काय चालले आहे हे पाहणे ही आमच्या चळवळीची दीडशे वर्षांची सवय आहे.

बाबासाहेबांनी काय निवडले?

४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी घटनेचा मसुदा घटना समितीपुढे मांडला. त्या भाषणात त्यांनी अमेरिकेची अध्यक्षीय पद्धत आणि आपली संसदीय पद्धत यांची तुलना केली आहे. आपल्याकडेही राष्ट्रपती हा शब्द आहे, पण नावाशिवाय दोहोंत साम्य नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगितले. अमेरिकेत अध्यक्ष हाच कारभाराचा धनी आहे. त्याचे मंत्री त्याने नेमलेले, त्याने काढायचे. संसदेतील बहुमत त्याच्या विरोधात गेले तरी त्याची खुर्ची हलत नाही. आपल्याकडे मंत्रिमंडळाला लोकसभेचा विश्वास गमावला की त्याच दिवशी घरी जावे लागते.

बाबासाहेबांचा मुद्दा असा की राज्यकारभाराला दोन गोष्टी लागतात, स्थैर्य आणि जबाबदारी. दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून कोणाला सापडलेली नाही. अमेरिकेची पद्धत स्थैर्य जास्त देते, संसदीय पद्धत जबाबदारी जास्त देते. संसदीय पद्धतीत सरकारची परीक्षा दररोज होते. प्रश्नोत्तरे, तहकुबी सूचना, अविश्वास ठराव अशा मार्गांनी ती होत राहते, आणि निवडणुकीत मतदार ती पुन्हा घेतो ते वेगळेच. अमेरिकेत ही रोजची परीक्षा नाही. म्हणून मसुदा समितीने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला अधिक पसंती दिली.

येथे आमचे अभ्यासू मित्र एक शंका काढतील आणि ती योग्य आहे. मार्च १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने बाबासाहेबांनी जे निवेदन तयार केले, जे ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या नावाने प्रसिद्ध आहे, त्यात त्यांनी ब्रिटिश पद्धतीचे मंत्रिमंडळ नाकारले होते. कार्यकारी मंडळ सभागृहाच्या मुदतीत हटवता येऊ नये, पंतप्रधान सर्व सभागृहाने मिळून निवडावा, अल्पसंख्याकांचे मंत्री कोण असावेत हे बहुसंख्याकांनी ठरवू नये, असे त्यांचे म्हणणे होते. मग दीड वर्षात बाबासाहेब बदलले काय? आमच्या मते त्यांची काळजी बदलली नाही. जातीय बहुमताच्या हातात सारी सत्ता गेली तर अस्पृश्यांचे काय, हीच काळजी दोन्ही ठिकाणी आहे. १९४७ मध्ये त्यांनी तिच्यावर एक उपाय सुचवला, तो मान्य झाला नाही. १९४८ मध्ये घटना समितीत जे मिळवता येण्यासारखे होते त्यात त्यांनी मूलभूत हक्क, न्यायालयाचे संरक्षण आणि सरकारची रोजची परीक्षा ह्या तीन गोष्टी पक्क्या करून घेतल्या.

आता ह्या कसोटीवर अमेरिकेच्या गेल्या पंचवीस वर्षांतील अध्यक्षांना घासून पाहू.

बुश यांची आठ वर्षे

जॉर्ज बुश २००० साली निवडून आले ते कमी मते मिळवून. अल गोर यांना देशभरात पाच लाखांहून अधिक मते जास्त होती. फ्लोरिडा राज्यातील अवघ्या ५३७ मतांच्या फरकावर आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ५ विरुद्ध ४ अशा निकालावर बुश अध्यक्ष झाले. एका माणसाला एक मत आहे, पण एका मताला एक मूल्य नाही, हे तिथे असे घडते. अध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचक मंडळाची ही रचना गुलामगिरीच्या काळातली आहे. गुलामाला मत नव्हते, पण राज्याची लोकसंख्या मोजताना पाच गुलामांची तीन माणसे धरली जात, आणि त्या हिशोबाने मालकांच्या राज्यांना जास्त वजन मिळे. पुढे २०१६ मध्येही हिलरी क्लिंटन यांना सुमारे २८ लाख मते जास्त मिळून त्या पराभूत झाल्या.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात सुमारे तीन हजार माणसे मारली गेली. अफगाणिस्तानात युद्ध सुरू झाले. मार्च २००३ मध्ये इराकवर हल्ला झाला आणि ज्या महासंहारक शस्त्रांचे कारण सांगितले होते ती सापडलीच नाहीत. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडवले, हजाराहून अधिक माणसे दगावली आणि छपरांवर मदतीची वाट पाहत बसलेल्या गरीब काळ्या कुटुंबांची चित्रे जगाने पाहिली. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स कोसळली आणि बँकांना वाचवण्यासाठी ७०० अब्ज डॉलर्सचा कायदा झाला. घर गमावणाऱ्या माणसासाठी असे पैसे निघाले नाहीत.

इराकचे खोटे उघड झाल्यावरही बुश जानेवारी २००९ पर्यंत खुर्चीवर होते. त्याच काळात आपल्याकडे काय झाले ते पाहा. बुश यांच्याशी केलेल्या अणुकरारावरून डाव्यांनी पाठिंबा काढला तेव्हा मनमोहन सिंग सरकारला २२ जुलै २००८ रोजी लोकसभेत विश्वासदर्शक ठरावाला सामोरे जावे लागले. त्याआधी १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार एका मताने पडले होते. एकच करार, पण त्यावर सही करणाऱ्या दोन सरकारांपैकी परीक्षेला बसावे लागले ते आपल्या सरकारला. बाबासाहेब ज्याला जबाबदारी म्हणत होते ती ही.

ओबामा आले, मग काय झाले?

२० जानेवारी २००९ रोजी बराक ओबामा यांनी शपथ घेतली तेव्हा नागपूर-चंद्रपूरच्या वस्त्यांमध्ये आमच्या माणसांनीही पेढे वाटले होते, हे आम्हाला आठवते. नोव्हेंबर २०१० मध्ये भारतीय संसदेत बोलताना त्यांनी बाबासाहेबांचा गौरवाने उल्लेख केला तेव्हा आमचा ऊर भरून आला होता.

ओबामांनी काम केले नाही असे नाही. मार्च २०१० मध्ये त्यांनी आरोग्य विम्याचा कायदा केला आणि कोट्यवधी गरिबांना दवाखान्याचे दार उघडले. पण २०१० च्या निवडणुकीत प्रतिनिधीगृह त्यांच्या हातून गेले. जून २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९६५ च्या मतदान हक्क कायद्याचा कणाच काढून घेतला. ज्या राज्यांनी पूर्वी काळ्यांना मतदानापासून रोखले होते त्यांना नियम बदलण्यापूर्वी केंद्राची परवानगी घ्यावी लागे, ती अट गेली, आणि काळा अध्यक्ष पाहत राहिला. ऑगस्ट २०१४ मध्ये फर्ग्युसन येथे पोलिसाने एका निःशस्त्र काळ्या तरुणाला गोळ्या घातल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील रिक्त जागेसाठी ओबामांनी सुचवलेल्या न्यायाधीशाची सिनेटने सुनावणीसुद्धा घेतली नाही.

त्या तरुण मित्राला आमचे उत्तर हे आहे. खुर्ची मिळणे ही मोठी गोष्ट आहे, पण खुर्चीभोवतीची माणसे, न्यायालये, पोलीस, वर्तमानपत्रे आणि तिजोरी ह्या जागच्या जागी राहिल्या तर खुर्चीवरचा माणूस एकटा पडतो. हे आपल्याला अमेरिकेकडून शिकायची गरज नाही. के. आर. नारायणन १९९७ मध्ये राष्ट्रपती झाले. आमच्या विदर्भाचे, अमरावतीचे भूषण गवई १४ मे २०२५ रोजी देशाचे पहिले बौद्ध सरन्यायाधीश झाले, आणि ६ ऑक्टोबर २०२५ रोजी भर न्यायालयात त्यांच्या दिशेने बूट भिरकावण्याचा प्रयत्न झाला. बूट उगारणारा माणूस वकिलीचा कोट घालून आला होता. आम्हीही तोच कोट घालतो, म्हणून ती लाज आम्हाला जास्त झोंबली. देशाच्या न्यायदानाच्या सर्वोच्च आसनापर्यंत पोहोचलेल्या माणसाचीही जात पुसली जात नसेल, तर एकेका माणसाच्या उंचीवर चळवळीने किती विसंबून राहायचे?

ट्रम्प, बायडेन आणि पुन्हा ट्रम्प

डोनाल्ड ट्रम्प यांनी २०१७ साली पहिल्याच आठवड्यात काही मुस्लिमबहुल देशांतील लोकांना प्रवेशबंदी केली. करोनाच्या साथीत त्यांच्या कारकिर्दीअखेर सुमारे चार लाख अमेरिकन मृत्युमुखी पडले. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिस येथे पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर गुडघा दाबून त्यांचा जीव घेतला आणि सारा देश रस्त्यावर आला. त्याच वर्षी फेब्रुवारीत ट्रम्प अहमदाबादला आले होते, तेव्हा त्यांच्या मार्गावरील झोपडपट्टी दिसू नये म्हणून भिंत बांधण्यात आली. गरिबी हटवण्याऐवजी गरीब झाकण्याची ही रीत आम्हाला नवी नाही. निवडणूक हरल्यावर ६ जानेवारी २०२१ रोजी त्यांच्या समर्थकांनी संसदेवर चाल केली. दोनदा महाभियोग झाला, दोन्ही वेळा सिनेटमध्ये दोनतृतीयांश मते मिळाली नाहीत. अमेरिकेच्या सबंध इतिहासात महाभियोगाने एकही अध्यक्ष पदावरून गेलेला नाही. कायद्याच्या पुस्तकात शस्त्र आहे, पण ते कधी म्यानातून निघत नाही.

जो बायडेन यांनी २०२१ मध्ये सूत्रे घेतली. साथ, ऑगस्ट २०२१ मधील काबूलची नामुष्की, जून २०२२ मध्ये ९.१ टक्क्यांवर गेलेली महागाई आणि गाझातील संहारात इस्रायलला दिलेली शस्त्रे यांनी त्यांची कारकीर्द झाकोळली. केतनजी ब्राउन जॅक्सन या पहिल्या काळ्या महिला न्यायमूर्ती त्यांनी नेमल्या. पण त्याच न्यायालयाच्या बहुमताने २०२२ मध्ये स्त्रियांचा गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला आणि २९ जून २०२३ रोजी विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली. १ जुलै २०२४ रोजी तर अध्यक्षाला त्याच्या अधिकृत कृत्यांसाठी फौजदारी खटल्यापासून मोठे संरक्षण देऊन टाकले. त्याच महिन्यात बायडेन निवडणुकीतून बाजूला झाले, नोव्हेंबरात ट्रम्प पुन्हा निवडून आले आणि २० जानेवारी २०२५ रोजी त्यांनी संसदेवरील हल्ल्यातील सुमारे दीड हजार लोकांना माफी दिली.

एका सहीची किंमत

आता मूळ मुद्द्याकडे येतो. १९६५ साली अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ११२४६ क्रमांकाचा आदेश काढला. केंद्र सरकारची कंत्राटे घेणाऱ्या कंपन्यांनी नोकरीत भेदभाव करू नये आणि वंचितांना सामावून घेण्यासाठी पावले उचलावीत, असा तो आदेश होता. साठ वर्षे कित्येक काळ्या कुटुंबांची चूल ह्या आदेशाच्या आधाराने पेटली. २१ जानेवारी २०२५ रोजी ट्रम्प यांनी एका सहीने तो रद्द केला. विधेयक नाही, चर्चा नाही, मतदान नाही. पॅरिस हवामान कराराचेही तसेच. एकाने सही केली, दुसऱ्याने माघार घेतली, तिसरा परत गेला, चौथ्या वेळी पुन्हा माघार.

सहीने आलेले सहीने जाते. हे वाक्य कार्यकर्त्यांनी विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवावे.

आमचे आरक्षण असे एका सहीने जाऊ शकत नाही, कारण बाबासाहेबांनी ते अनुच्छेद १६(४) मध्ये घातले, आणि १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने १५(४) आले तेव्हा कायदामंत्री बाबासाहेबच होते. पण घटनेतील हक्क प्रत्यक्ष पदरात पडतो तो पुष्कळदा शासन निर्णयाच्या मार्फत, आणि तिथेच गळती आहे. महाराष्ट्रातील पदोन्नतीतील आरक्षण पाहा. २५ मे २००४ च्या शासन निर्णयाने ते चालत होते. ४ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरवला. अपील सर्वोच्च न्यायालयात असताना ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने पदोन्नतीची राखीव ३३ टक्के पदेही सेवाज्येष्ठतेने भरण्याचा मार्ग मोकळा केला. त्या सरकारात पुरोगामी म्हणवणारे सारे होते. आमचे कर्मचारी बांधव रस्त्यावर आले, पण सही होऊन गेली होती. कंत्राटी भरतीचे तेच. जागा कंत्राटी झाली की आरक्षणाचे कलम शाबूत राहते आणि आरक्षणाची जागा नाहीशी होते.

याच्या उलट उदाहरण आमच्या गडचिरोलीतच आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला तो कोणा साहेबाच्या मेहरबानीने मिळाला नाही. त्यामागे २००६ चा वनहक्क कायदा होता आणि त्या कायद्यामागे देशभरच्या आदिवासींची चळवळ होती. आणि कायदा असूनही १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्या वनवासींना बाहेर काढण्याचा आदेश दिलाच. पंधरा दिवसांत त्या आदेशाला स्थगिती मिळाली, कारण देशभर ओरड झाली. म्हणजे कायदा हवा आणि कायद्याच्या दारात पहारा देणारी माणसेही हवीत.

जन्माने मिळालेले नागरिकत्व

२० जानेवारी २०२५ च्या आदेशांमध्ये आणखी एक आदेश होता. अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेले प्रत्येक मूल नागरिक, हा नियम बेकायदा किंवा तात्पुरत्या मुक्कामी असलेल्या आईबापांच्या मुलांसाठी बंद करणारा. हा नियम १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने आला. त्याआधी १८५७ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने काळा माणूस नागरिक होऊच शकत नाही असा निर्लज्ज निकाल दिला होता. तो कायमचा पुसण्यासाठी यादवी युद्धानंतर ही दुरुस्ती झाली. म्हणूनच ट्रम्प यांचा आदेश निघताच न्यायालयांनी त्याला अडवले आणि २०२५ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण सुनावणीला घेतले. कंत्राटदारांवरचा आदेश एका दिवसात गेला, पण घटनेत लिहिलेल्या हक्काला हात लावताच अध्यक्षाला न्यायालयाची पायरी चढावी लागली. एकाच अध्यक्षाच्या दोन सह्यांमधला हा फरक ध्यानात घ्या.

मार्कंड्याच्या माणसांना हा विषय परका वाटू नये. चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची गावे आहेत. १९६० च्या दशकापासून सरकारनेच त्यांना येथे आणून वसवले. त्यांतील बहुसंख्य नामशूद्र आहेत. ज्या जेसोर-खुलना भागातून अशी अनेक कुटुंबे उखडली गेली, त्याच भागातून १९४६ साली जोगेंद्रनाथ मंडल आणि बंगालमधील सहकाऱ्यांच्या बळावर बाबासाहेब घटना समितीवर निवडून गेले. मुंबईने दार लावले होते तेव्हा बंगालने ते उघडले. त्या लोकांचे हे उपकार आम्ही किती फेडले? बंगालमध्ये अनुसूचित असलेली ही जात महाराष्ट्राच्या यादीत नाही, त्यामुळे त्यांच्या मुलांना येथे सवलत मिळत नाही.

आणि आपल्याकडे जन्माने नागरिकत्वाचा नियम कधीचाच आक्रसला आहे. १ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्याला आई किंवा बाप भारतीय असल्याचे दाखवावे लागते. ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्याचा दुसरा पालकही बेकायदा स्थलांतरित नसावा लागतो. आमच्याकडे हा नियम घटनेत नव्हता, १९५५ च्या साध्या कायद्यात होता, म्हणून साध्या बहुमताने बदलला. आमच्याकडे येणारे कित्येक पक्षकार असे आहेत की ज्यांच्या बापाच्या जन्माचा कागदच नाही. पुरात गेला, घर जळाले, किंवा मुळात कधी बनलाच नाही. कागद नसलेल्यांचा हा देश आहे आणि कागद मागणारे राज्य वाढत आहे.

कापसाचे उत्तर

आता कोरपन्याच्या त्या बाबांचा प्रश्न. ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रम्प यांनी भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि २७ ऑगस्टपासून रशियन तेलाचे कारण देऊन आणखी २५ टक्के आयातकर लावला. अमेरिकेत जाणारे आपले कपडे महागले, कापड गिरण्या ओरडू लागल्या. गिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा म्हणून आपल्या केंद्र सरकारने परदेशी कापसावरचा ११ टक्के आयातकर १९ ऑगस्टपासून उठवला. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत. विदर्भाचा कापूस बाजारात येतो तो नेमका ह्याच दिवसांत. लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव कागदावर होता, पण व्यापारी त्याखाली मागत होते. भाव पडायला जगातली मंदी, पाऊस, ओलावा ही कारणेही होतीच. पण वॉशिंग्टनच्या सहीचा भार गिरणीवाल्याच्या खांद्यावरून उचलून शेतकऱ्याच्या खांद्यावर ठेवला गेला, हे खरे आहे, आणि तो ठेवण्याची सही दिल्लीत झाली. पुढे वाटाघाटींत आणि अमेरिकेच्या न्यायालयांत त्या करावर बराच खल झाला. ज्याने नोव्हेंबरात पडत्या भावाने कापूस विकला त्याला मात्र त्याचा उपयोग नव्हता.

अमेरिकेचा शेतकरीही गरीब आणि आपलाही गरीब, असे कोणी सांगेल. पण अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना इतके अनुदान देत आली की ब्राझीलने त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत दावा लावून जिंकला. त्यांच्या शेतकऱ्यापाठी सरकार उभे राहते. आमच्या शेतकऱ्यापाठी सावकार उभा राहतो.

आमच्यासाठी धडा

आपल्याकडेही मधून मधून अध्यक्षीय पद्धतीची टूम निघते. १९८० च्या दशकात आमच्या विदर्भातीलच खासदार वसंत साठे यांनी तिचा मोठा पुरस्कार केला होता. आता ती उघडपणे कोणी मागत नाही, कारण तशी गरज उरलेली नाही. निवडणूक एका चेहऱ्यावर लढवली जाते. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने आमदार-खासदाराचे मत पक्षाच्या दावणीला बांधले, तरी अख्खे पक्ष रातोरात फुटतात ते महाराष्ट्राने पाहिले आहे. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारकडे निवेदन मागणाऱ्या १४६ विरोधी खासदारांना निलंबित केले गेले. डिसेंबर २०२४ मध्ये एकत्र निवडणुकांचे विधेयक लोकसभेत आले. संसदीय पद्धतीचे कलेवर तसेच ठेवून आत अध्यक्षीय कारभार भरण्याचा हा उद्योग आहे. तरीही मणिपूरच्या प्रश्नावर ऑगस्ट २०२३ मध्ये पंतप्रधानांना लोकसभेत उभे राहून बोलावे लागले, ते केवळ अविश्वास ठराव आला म्हणून. सरकार पडणार नाही हे सर्वांना माहीत होते. पण उत्तर द्यावे लागले. बाबासाहेबांनी ठेवलेला हा दरवाजा अजून पूर्ण बंद झालेला नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या शेवटच्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातील व्यक्तिपूजेबद्दल जो इशारा दिला तो आम्ही दुसऱ्यांना ऐकवतो. तो आमच्या गटांना आणि आमच्या नेत्यांच्या कटआउटांनाही लागू आहे, हे सांगायला आम्हाला संकोच वाटत नाही. अमेरिकेत गेलेल्या आमच्या बांधवांकडे पाहा. त्यांच्यामागे एकही मोठा नेता नव्हता. तरी त्यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल शहराला जातीभेदाविरुद्ध कायदा करायला लावला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात तसे विधेयक मंजूर झाले, पण ऑक्टोबरात तेथील गव्हर्नरने ते नामंजूर केले. पुन्हा एक सही. तरी सिॲटलचा कायदा उभा राहिला.

त्या तरुणाचे काय, असे वाचक विचारतील. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती साऱ्या महाराष्ट्रात वर्षाला ७५ विद्यार्थ्यांना मिळते. तिच्यासाठी पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचे त्याने ठरवले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी नोकरीच्या नव्या एच-वन-बी व्हिसासाठी एक लाख डॉलर्स, म्हणजे तेव्हाचे सुमारे ८८ लाख रुपये शुल्क लावले. तेव्हा तो आम्हाला म्हणाला होता, "सर, एवढ्यात आमचं अख्खं गाव विकलं जाईल." आता तो अमेरिकेबरोबर इतर देशांतील विद्यापीठांचीही माहिती काढतो आहे. तोपर्यंत संध्याकाळी अभ्यासिकेत दहावीच्या मुलांना गणित शिकवतो. आम्ही त्याला एक काम जोडून दिले आहे. दर रविवारी गावातल्या पाच घरांचे जन्म, जमीन आणि जातीचे कागद तपासायचे, अपुरे असतील त्यांची यादी आमच्याकडे पाठवायची. आतापर्यंत बौद्ध, गोंड आणि बंगाली अशा तिन्ही वस्त्यांतील घरे झाली आहेत.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्या चंद्रपूरच्या भूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, त्या भूमीतील प्रत्येक विहारात हे काम सुरू व्हावे, अशी आमची कार्यकर्त्यांना विनंती आहे. वॉशिंग्टनची सही आपल्याला रोखता येणार नाही. पण मुंबईत आणि दिल्लीत आपल्या हक्कावर सही होण्यापूर्वी आपल्याला ठाऊक असावे, आणि झाली तर दुसऱ्या दिवशी तहसीलीवर आपली माणसे कागद घेऊन हजर असावीत, एवढे तर आपल्या हातात आहे.

जयभीम!